टेलचा चेअरमन

“म्याडम, तुम्ही सरकार हाय का न्हाई?” दगडूआप्पांनी विचारलं.

आम्ही चारीच्या तोंडाशी उभे होतो. मागं कालवा काठोकाठ वाहत होता. समोरच्या चारीत मात्र नुसता ओलावा उरला होता आणि त्यात एक कुत्रं पाय ताणून निवांत झोपलं होतं. मध्ये लोखंडी गेट. गेटला नवं कुलूप.

“आहे,” मी म्हणाले.

“मग उघडा की गेट.”

“ते मला उघडता येत नाही, आप्पा.”

“कुलूप तोडाय मानूस पायजे का? ह्यो नवनाथ हाय की.”

नवनाथ त्यांचा मुलगा. तो जरा लांब, मोटरसायकलला टेकून उभा होता. तो जागचा हलला नाही. मी का उघडू शकत नाही हे त्याला पाठ होतं, कारण मीच ते गावाला शिकवलं होतं.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. गेल्या वर्षी रिटायर झाले. शिरूर तालुक्यातला कालव्याचा एक तुकडा माझ्या ताब्यात होता. गावाचं नाव सांगत नाही. निमोणे मागं टाकून पुढं गेलं की लागतं, एवढं पुरे. लोक मला ‘पाटाची म्याडम’ म्हणत. धरण भरलं की प्रेमानं म्हणत, रिकामं झालं की दात खाऊन.

वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा कालव्याशी संबंध फक्त प्रवासात खिडकीतून दिसण्याइतकाच असेल, म्हणून दोन शब्द सांगते. धरणातून कालवा निघतो. कालव्याला ठिकठिकाणी गेट असतात आणि प्रत्येक गेटमधून एक छोटा पाट शेतांकडे जातो. ती चारी. कालव्याला बाराही महिने पाणी नसतं. ठरावीक दिवस सोडतात, मग बंद करतात. त्या एका पाळीला आवर्तन म्हणतात. चारीच्या सुरुवातीची शेतं म्हणजे हेड, शेवटची म्हणजे टेल. हेडवाल्याच्या बांधाला पाणी लागलेलं असतं. टेलवाला आपल्या बांधावर बसून वाट बघतो. बऱ्याच वेळा पाणी येतच नाही आणि तो उठून घरी जातो. माझ्या नोकरीतला निम्मा वेळ या दोन माणसांची भांडणं सोडवण्यात गेला.

मग पाणी वापर संस्थांचा कायदा आला. मला तो मनापासून आवडला होता. चारीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून संस्था काढायची. खात्यानं गेटवर पाणी मोजून संस्थेच्या हवाली करायचं. कोणी कुठलं पीक घ्यावं, कुणाला आधी पाणी द्यावं, हे संस्थेनं ठरवायचं. गेटची किल्लीसुद्धा संस्थेकडे. गावोगावच्या सभांमधून मी ठणकावून सांगत असे, “आजपासून गेटच्या खाली सरकारचा हात नाही. खाली तुमचं राज्य.” लोक टाळ्या वाजवायचे. मलाही भाषण करायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

या गावानं ते फारच चांगलं उचललं. पहिल्याच वर्षी त्यांनी एक रीत पाडली. गेट उघडलं की सगळ्यात शेवटच्या शेताचा मालक खांद्यावर खोरं टाकून पाण्याच्या पुढं चालायला लागायचा. चारीतला पालापाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या काढत तो टेलपर्यंत जायचा. तो चालत असेपर्यंत मधल्या कुणी बारं फोडायचं नाही, म्हणजे चारीचं पाणी आपल्या रानात वळवायचं नाही. आधी त्याचं रान भिजायचं, मग त्याच्या वरच्याचं, असं करत पाणी हेडकडे चढत यायचं. शेवटचं शेत दगडूआप्पांचं होतं. त्यामुळे किल्लीही त्यांच्याकडे आणि चालायचा मानही त्यांचा. आप्पा निघाले की वस्तीवस्तीवरून चहा पुढं यायचा. टेलला पोचेस्तोवर त्यांच्या पोटात पाण्यापेक्षा चहाच जास्त, अशी गावात थट्टा होती.

हेडवाले हे कसं काय मान्य करतात, याचं मला आधी नवल वाटायचं. नंतर उलगडा झाला. चारी मातीची होती. पाणी हेडच्या शेतांजवळून दिवसचे दिवस वाहत खाली जायचं आणि जाताजाता त्यांच्या विहिरीत पाझरायचं. त्यांची पाळी यायच्या आधीच त्यांच्या विहिरी भरलेल्या असायच्या. मग भांडतील कशाला? उदार व्हायला त्यांना काही लागत नव्हतं. या पाझराचं महत्त्व तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच नीट लक्षात आलं नाही.

पाणी कोणत्या आठवड्यात येणार हे एकदा नक्की झालं आणि टेलचं रूप पालटलं. तिथं आधी बाजरी व्हायची आणि घरातला एक माणूस रांजणगावला कंपनीत असायचा. आता कोथिंबीर आली, मेथी आली, झेंडू आला. नवनाथ रांजणगावात कॉन्ट्रॅक्टवर होता. शिफ्टनं जायचा, कंपनीच्या बसमध्ये झोपायचा आणि घरी येऊन परत झोपायचा. त्याची बायको सारिका फुलं पिकवणाऱ्या घरातली. ती एकदा चारीवर मला म्हणाली होती, “म्याडम, पानी कवा येनार ते तुम्ही खरं सांगता. मग ह्यांला कंपनीत कशाला ठिवू? आपन शेवंती लावू.”

नवनाथनं नोकरी सोडली. दोघांनी शेवंती लावली. दसरा-दिवाळीच्या बाजाराला फुलं पुण्याच्या मार्केट यार्डात जायला लागली. घरावर पत्रा होता तिथं स्लॅब पडला. मला बोलावून जेवायला घातलं. मी निघताना सारिकानं माझ्या हातात शेवंतीचा एवढा मोठा हार दिला, की मी तो जीपच्या बॉनेटवर बांधून ऑफिसात नेला. ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, लग्नाची गाडी वाटतीय.”

या सगळ्याला नजर कुणी लावली नाही. जे झालं ते गावानं स्वतः, हौसेनं केलं.

कायद्यात एक चांगलं कलम आहे. संस्थेचं चेअरमनपद हेड, मध्य आणि टेल यांच्यात आळीपाळीनं फिरतं, म्हणजे टेलवाल्याचा आवाज दबू नये. टेलची पाळी आली. मला वाटलं, आता दगडूआप्पा चेअरमन होणार. मारुतीच्या देवळात सभा होती, खात्यातर्फे मी हजर होते. आप्पा उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “मी नानासाहेबांचं नाव सुचवितो.”

नानासाहेब गावातले सगळ्यात मोठे बागायतदार. त्यांचा सगळा ऊस हेडला. दौंडच्या बाजूच्या एका साखर कारखान्यावर संचालक होते. आमदारांच्या शेजारी बसणारे. शिवाय माणूस गोड. ते टेलचे कसे? तर टेलचा एक शेतकरी पुण्याला मुलाकडे राहायला गेला होता, त्याची पट्टी नानासाहेबांनी वर्षभरापूर्वी विकत घेतली होती. कागदावर आता ते टेलचेही सभासद होते. कायद्याला एवढं पुरतं.

मी आप्पांना बाजूला घेतलं. “आप्पा, तुम्ही का नाही उभे राहत?”

“माझा फोन कोन उचलतंय, म्याडम?” आप्पा हसले. “चेअरमन कसा वजनदार पायजे. वर शब्द टाकला तर खाली पानी आलं पायजे. आन् आता त्यांचं बी रान टेलला हाय. आमचं वाळलं तर त्यांचं बी वाळंल. मान अडकली की त्यांची आमच्यासंगं.”

हिशोब चुकीचा नव्हता. निवडणूक बिनविरोध झाली. आमच्याकडे बिनविरोध झाली की गावाला पोरगं झाल्यासारखा आनंद होतो. गुलाल उधळला, पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

नानासाहेबांनी खरंच काम केलं, हे सांगितलंच पाहिजे. मी जी गोष्ट कितीतरी वर्षं वर मागत होते, ती त्यांनी एका फोनवर आणली. चारीला काँक्रीटचं अस्तर. आमच्या भाषेत लायनिंग. लायनिंग केलं की पाणी जमिनीत मुरत नाही, झपाट्यानं खाली पोचतं. आम्हाला कॉलेजात हेच शिकवलेलं आणि ते खरंही आहे. पहिल्या आवर्तनात पाणी इतक्या लवकर टेलला पोचलं, की आप्पांना त्याच्या पुढं पळावं लागलं. सगळे खूश. दुसऱ्या आवर्तनाला हेडच्या विहिरी तळाला गेल्या.

पाझर बंद झाला होता. आता टेलला पाणी आधी जायचं म्हणजे हेडवाल्यानं डोळ्यांदेखत वाहणाऱ्या पाण्याकडे बघत हात चोळत बसायचं. ते कुणाला जमणार? कुरबुर सुरू झाली. आणि नानासाहेबांची मान अडकली आहे असं आप्पा ज्या पट्टीमुळे म्हणत होते, तिथं नानासाहेबांनी चारीपासून लांबच्या आपल्या दुसऱ्या विहिरीवरून पाइपलाइन नेली. त्या पट्टीला चारीच्या पाण्याची गरजच उरली नाही. वरचा ऊस मात्र चारीवर अवलंबून.

त्या वर्षी भाद्रपद कोरडा गेला. धरणही अर्ध्यावर. शेवंतीला कळ्या धरायची वेळ होती. या दिवसांत पाण्याचा ताण बसला की कळी बारीक राहते आणि बारीक कळीला बाजार नसतो. सारिकाचा मला एक दिवसाआड फोन. “म्याडम, कवा?”

आवर्तन कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समिती ठरवते. नाव सल्लागार, पण सल्ला तोच हुकूम. बैठक विश्रामगृहावर होती. पुढच्या रांगेत पुढारी, त्यांच्यामागे कारखान्यांचे लोक, भिंतीकडेला आम्ही अधिकारी फायली मांडीवर घेऊन. ज्याचा ऊस आहे त्याला पाणी किती लागणार याचा आकडा तयार होता, कारण उसाची नोंद कारखान्याकडे असते. कोथिंबिरीची नोंद कुणाकडे असते? शेवंतीची?

ठराव आला. पाणी थोडं आहे, आवर्तन छोटं सोडा, उभा ऊस वाचवा.

मी उठले. बसून राहायला हवं होतं असं आजही वाटत नाही. म्हणाले, “साहेब, संस्थांना क्षेत्राप्रमाणे मोजून पाणी द्यायचा कायदा आहे. पीक बघायचं नाही. टेलला फुलं आहेत, भाजीपाला आहे, त्यांचाही हक्क तेवढाच आहे.”

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “म्याडम, देवाला फुलं कमी पडली तर आम्ही आनून देऊ.”

सगळे हसले. माझे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, हसले नाहीत. भला माणूस, पण रिटायरमेंट जवळ आलेली. ते हळूच म्हणाले, “यांच्या मुद्द्यात तथ्य आहे. पण संस्थेचीच तक्रार नसेल तर आपण काय बोलणार? त्या संस्थेचे चेअरमन इथंच आहेत. त्यांनाच विचारू.”

नानासाहेब उठले. माझ्याकडे बघून नमस्कार केला. “म्याडमची तळमळ आमाला म्हाईत हाय. पन उभा ऊस वाळवून कुनाचं भलं व्हनार? ह्या वेळंपुरतं हेडला आधी पानी घ्यावं. आमच्या संस्थेची हरकत न्हाई. मी टेलचा सभासद म्हनून सांगतो.”

झालं. ठराव पास. चहा आला.

टेलचा आवाज दबू नये म्हणून कायद्यानं ठेवलेल्या खुर्चीतून टेलचं पाणी हेडला गेलं, आणि सगळं अगदी नियमात बसलं. माझ्याकडे बोट दाखवायला जागाच नव्हती. मी चहा घेतला नाही, एवढाच काय तो माझा निषेध.

पाणी सुटलं. गेटचं जुनं कुलूप काढून संस्थेनं नवं लावलं आणि किल्ली नानासाहेबांच्या मुकादमाकडे गेली. आप्पा खोरं घेऊन आले होते. त्यांना सांगितलं, आप्पा, या टायमाला चालायची गरज न्हाई, थांबा. हेडचा ऊस भिजला. चारीच्या वाट्याचं मोजलेलं पाणी जवळजवळ संपलं आणि गेट बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, तुम्ही सरकार हाय का न्हाई.

“आप्पा, गेटच्या खाली संस्थेचा अधिकार आहे,” मी म्हणाले.

“व्हय. तुम्हीच सांगितलं हुतं. देवळात.”

“तुम्ही तक्रार द्या. अपील करता येतं. मी स्वतः लिहून देते, तुम्ही फक्त सही करा.”

“अपिलाचा निकाल कवा लागंल?”

निकाल लागेस्तोवर पुढचा हंगाम उजाडला असता.

“आन् तक्रार कुनाची द्यायची? नानासाहेबांची?” आप्पा चारीच्या काँक्रीटवर बसले. “त्यांचं नाव सुचविनारा मीच. पेपरावर माझीच सही हाय. लोक तोंडात शेन घालतील. आन् गावात ऱ्हायचं हाय, म्याडम. तुमची बदली व्हईल.”

नवनाथ पहिल्यांदा बोलला. “आप्पा, चला घरी. म्याडमला कशाला तरास देता?”

मला त्या पोराचा राग आला. त्यानं माझ्यावर ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी जीप वळवली आणि सरळ नानासाहेबांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते. त्यांनी खुर्ची पुसून दिली, आत चहा सांगितला. माझ्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली. मी म्हणाले, “नानासाहेब, एक रात्र गेट उघडा. टेलची शेवंती निघेल. तुमच्या उसाचं भिजून झालंय.”

“माझ्या एकट्याचा ऊस न्हाई म्याडम, सगळ्या हेडचा हाय. त्यांला मी काय सांगू?”

“सांगा की तुम्ही टेलचे चेअरमन आहात.”

ते हसले, रागावले नाहीत. “तुम्ही शिकलेल्या हाय, म्हनून सांगतो. उसामागं कारखाना हाय. कारखान्यामागं तोडनीवाले, ट्रॅक्टरवाले, ब्यांक, पार शिरूर-दौंडचा बाजार. उद्या ऊस वाळला तर मला आमदाराचा फोन येतो, त्यांला वरून येतो. फुलामागं कोन हाय?”

“नवनाथ आहे. सारिका आहे.”

“हां,” ते म्हणाले आणि खरंच विचारात पडले. मग म्हणाले, “नवनाथचं मी बघतो. रांजनगावात माझा शब्द चालतो. परत लावून देतो कंपनीत. ह्या टायमाला पर्मनंटचं बी बोलतो. आन् उद्या राहिलेलं पानी सोडतो खाली. तुम्ही आलात म्हनून.”

मदत करतोय असंच त्यांना वाटत होतं. हे मला आजही सगळ्यात जास्त खुपतं. दुष्ट माणूस असता तर मी त्याच्याशी भांडले असते. हा माणूस आधी पाणी स्वतःच्या हातात घेत होता आणि मग ज्याचं गेलं त्याला कनवाळूपणानं नोकरी देत होता. गावाच्या नजरेत दोन्ही वेळा मोठा होत होता.

दुसऱ्या दिवशी गेट उघडलं. शब्द पाळला. पण राहिलेलं पाणी बोटभर. आप्पा चालले त्याच्या पुढं, खोरं घेऊन. चहा कुणी पुढं केला नाही. मधल्या दोन-तीन शेतांनी बारी फोडली. आता रीत उरलीच नव्हती, मग त्यांनी तरी का पाळावी? टेलच्या अलीकडे एका वळणावर पाणी थांबलं. आप्पा तिथंच उभे राहिले. मी लांबून बघितलं आणि जवळ गेले नाही.

सारिकानं टँकर आणला, हंड्याहंड्यानं घातलं. शेवंती मेली नाही. नुसती बारीक राहिली. मार्केट यार्डात माल उतरवायच्या भाड्याइतकेही पैसे सुटेनात, तेव्हा तिनं उरलेली झाडं उपटून शेळ्यांपुढं टाकली. मी गेले तेव्हा ती बांधावर बसून शेळ्यांकडे बघत होती.

“या म्याडम. बसा.”

“सारिका, मला वाईट वाटतंय गं.”

“तुम्ही काय करनार?” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आमी बाजरीच लावली असती म्याडम. बाजरी पावसावर येती. पानी नक्की येतं म्हनून तुम्ही सांगितलं, म्हनून आमी ह्यात पडलो.”

तिनं टोचून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. खरं तेच सांगत होती. मी खात्याच्या जीपमध्ये बसून रडले. ड्रायव्हरनं पुढं बघत गाडी चालवली. त्याचे उपकार आहेत.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते.

मी रिपोर्ट पाठवला. पोच आली. त्यापुढं काही आलं नाही. टेलला एकेक करत सगळ्यांनी ऊस लावला. ऊस फार सोसतो. एखादी पाळी चुकली तर मान टाकत नाही, आणि त्याची नोंद झाली की कारखान्याला, कारखान्यामुळे पुढाऱ्याला तो दिसायला लागतो. ज्या कोरडवाहू पट्ट्यात ऊस लावू नका असं सरकारच सांगतं, तिथं तो का लावतात, असं पुण्यातले लोक मला विचारतात. शेतकऱ्यांना पाण्याची किंमत कळत नाही, असंही वर म्हणतात. त्यांना मी एवढंच विचारते, की तुमच्या बैठकीत कोथिंबिरीच्या बाजूनं कोण उठतं?

संस्थेची पाणीपट्टी आता पूर्ण वसूल व्हायला लागली, कारण कारखाना ती उसाच्या बिलातूनच कापून घेतो. फुलवाले बिचारे हातानं, थोडी थोडी, उशिरा भरायचे. आमच्या खात्यात संस्था चांगली की वाईट हे वसुलीवरून ठरतं. त्यामुळे ही संस्था चांगल्यात जमा झाली. नानासाहेबांचा सत्कार झाला. सत्काराचा प्रस्ताव माझ्या शाखेतून गेला होता, कारण आकडे खरे होते आणि अडवायला माझ्याकडे कुठलंच कलम नव्हतं. दगडूआप्पा त्या कार्यक्रमाला आले नाहीत. त्यांनी चारीवर जाणंच सोडलं होतं.

रिटायर झाल्यावर गेल्या हिवाळ्यात मी वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला गेले होते. परत येताना शिक्रापूरच्या चौकात रिक्षाची वाट बघत उभी होते, तर एक कंपनीची बस थांबली आणि तिच्यातून नवनाथ उतरला. अंगात युनिफॉर्म, गळ्यात कार्ड. त्यानं मला ओळखलं. वाकून पाया पडला. मी म्हणाले, अरे, नको. नानासाहेबांनी शब्द पाळला होता. तो पर्मनंट झाला होता. पोरगी इंग्लिश मीडियमला. आप्पा थकलेत, सारिका बरी आहे, शेजारच्या वस्तीवर शिवणकाम करते.

“शेतात काय आहे आता?” मी विचारलं.

“ऊस.”

“पाणी येतं का रे टेलला?”

त्याला माझा प्रश्न जरा विचित्र वाटला असावा. “येतं की म्याडम,” तो म्हणाला. “ऊस लावल्यापासून एक पाळी चुकली न्हाई.”

मग त्याच्या दुसऱ्या गाडीची वेळ झाली आणि तो पळाला. मी तिथंच उभी राहिले. टेलला पाणी पोचावं म्हणून मी नोकरीभर झटले. ते पोचलं. ज्यांना ते फुलांसाठी हवं होतं त्यांनी फुलं सोडून दिल्यावर.

नव्या इंजिनिअरांना ट्रेनिंगमध्ये दोन गोष्टी सांगायला मला अजून बोलावतात. मी त्यांना गेट, डिस्चार्ज, लायनिंग सगळं सांगते. शेवटी एक सांगते, की संस्था काढायला जाल तेव्हा शेतकऱ्याला पाण्याची तारीख देण्याआधी एक विचारा: तुमच्या पिकासाठी वर फोन कोण करणार आहे? उत्तर नसेल, तर त्याला शेवंती लावायला सांगू नका. पोरं ते लिहून घेतात. मला ते सांगताना दर वेळी लाज वाटते, कारण मला सांगायचं असतं की लावा.